काळ्या खोक्यावरचं कुंकू

९ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात आज परत आवाज चढला माझा. वेबसाइटवर प्रोसेसर स्वस्त, दुकानात तोच महाग. दुकान एकच, मालक एकच. काउंटरवरचा लाल दाढीवाला कॉनर म्हणे, ऑनलाइनचा भाव ऑनलाइनलाच. म्हटलं, ठीक आहे, इथंच उभा राहून फोनवरून ऑर्डर टाकतो, तू शेल्फवरून काढून दे. म्हणाला, टाक. टाकली. तर म्हणतो, ऑर्डर तयार व्हायला तास लागेल.

थांबलो. त्याच्या डोळ्यांसमोर, प्रिंटरच्या रॅकला टेकून. तासाभराने त्याने त्याच शेल्फवरचा तोच डबा काढून माझ्या हातात दिला. हसलं कोणीच नाही.

प्रोसेसर झाला. बाकी सगळं उरलंय.

गार्गीला फोटो पाठवला. उत्तर आलं, 'एवढंसं? यात माझी फिल्म मावणार आहे का बे?'

मावेल बाई.


११ सप्टें., गुरु.

काय कबूल करून बसलोय ते लिहून ठेवतो.

गा.चा लॅपटॉप गेला. म्हणजे चालतो, पण एक सीन रेंडर करायला लावला की रात्रभर घरघरतो आणि सकाळी बंद पडलेला असतो. ॲनिमेशनचं मास्टर्स संपलं, आता किलकेनीच्या स्टुडिओला ऑक्टोबर संपायच्या आत शोरील, म्हणजे कामाच्या नमुन्यांची फिल्म, पाठवायचीय. तिच्याकडे आहेत साडेसातशे युरो. या पैशात तिला हवं तसं मशीन कुठल्याही दुकानात मिळत नाही. मी म्हटलं, मी जोडून देतो.

ती म्हणाली, 'साडेसातशेतच. आणि ऐक, तुझा एक युरो जरी यात गेला ना सुजय, तर मी मशीन परत करीन.'

चेष्टेत नाही म्हणाली. मागे एकाने तिला वाढदिवसाला फोन घेऊन दिला होता. मग तिने कुठे जायचं, कोणाबरोबर जायचं, तेही तोच ठरवायला लागला. फोन परत केला तिने. म्हणते, फुकटची वस्तू मला फार महाग पडते.

आता माझं. तिला जे सांगायचंय ते उन्हाळ्यापासून घशाशी आलंय. पण मशीन हातात ठेवायचं आणि लगेच बोलायचं, तर तो फोनवाला आणि मी, फरक काय राहिला? म्हणून ठरवलं. आधी मशीन पुरं करायचं. मग पैसे बरोबर व्हायला हवेत, तिच्याकडून मला एक सेंट येणं नको, माझ्याकडून तिला नको. आणि मग तोंड उघडायचं. मध्ये एक शब्द नाही.

मं.दा.ला (मंदारदादा, घर आमचं दोघांचं, भाडं बरंचसं त्याचं) एवढंच सांगितलं की साडेसातशेत मशीन करतोय. चहा ओतता ओतता म्हणाला, 'करशील. तुझ्याकडे वेळ आहे आणि राग आहे. डिस्काउंटला आणखी काय लागतं?'


१३ सप्टें., शनि.

केस मिळाली. मांडून ठेवलेला पीस, डाव्या काचेवर ओरखडा, म्हणून निम्म्या किमतीत. ती बाजू भिंतीकडे करायची. पॉवर सप्लाय 'बॉक्स डॅमेज्ड'मध्ये. डब्याचा कोपरा चेपलाय, आतलं सील शाबूत. रॅमची जोडी बंडलमध्ये मदरबोर्डसोबत.

डेलीवरची, म्हणजे सँडविचच्या काउंटरवरची, शिफ्ट संपवून गेलो होतो, हाताला चिकन फिलेट रोलचा वास. आज कॉनर नव्हता. बरं झालं.

आईचा फोन मलिंगारहून, हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून निघताना. 'काय करतोयस?' म्हटलं, एका मैत्रिणीला कॉम्प्युटर जोडून देतोय.  ती म्हणाली, 'तेच शिकायला कॉलेजात घातलं होतं रे तुला.'

ते मी दुसऱ्या वर्षात सोडलं. ग्रुप प्रोजेक्टमधलं माझं काम दुसऱ्याच्या नावावर लागलं, मी सरांच्या केबिनमध्ये ओरडलो, आणि बाहेर आलो तो परत गेलोच नाही. तिला हे पाठ आहे.  मलिंगारला पाऊस आहे, एवढं कळलं.


२० सप्टें., शनि.

ग्राफिक्स कार्ड. सगळं इथं येऊन अडलंय.

गा.च्या कामाला जे चालेल असं एकच कार्ड. दुकानातला भाव हाताबाहेर. पण:

तिचं कॉलेजचं ओळखपत्र सप्टेंबरअखेरपर्यंत चालतं, म्हणजे विद्यार्थी सवलत. (माझं मी रागात कापून टाकलं होतं. आता कळतंय त्याची किंमत.)

वर कार्ड बनवणाऱ्या कंपनीची कॅशबॅक, ऐंशी युरो. खोक्यावरचं बारकोडचं मूळ लेबल कापायचं, पावतीसकट पोस्टाने पाठवायचं, महिना-दीड महिन्यात पैसे बँकेत. ऑनलाइन फोटो चालत नाही, मूळ लेबलच हवं.

हे दोन्ही धरलं तर सगळं मिळून साडेसातशेला तीन कमी. परत परत करून पाहिलं.

खाली बारीक अक्षरात: एका घरातून एकच क्लेम. आमच्या घरातून मं.दा.ने जुलैमध्येच मॉनिटरवर घेऊन टाकलाय. म्हटलं, दादा, तुला कोणी सांगितलं होतं? म्हणतो, 'तू प्रेमात पडशील हे मला जुलैत माहीत नव्हतं.'

मी त्याला कधी सांगितलं? नाही सांगितलं. दिसतं म्हणे.

तर क्लेम गा.च्या नावाने, तिच्या पत्त्यावरून, पैसे तिच्या खात्यात. ईमेल मात्र माझा दिला, तिला ती कटकट नको म्हणून. तोवर ते ऐंशी मी भरायचे. ते आले की ती मला देणार. हे तिला सगळं सांगितलं, लपवलं काही नाही.

 ती म्हणाली, 'म्हणजे काही दिवस तुझे ऐंशी माझ्याकडे.'
'उधार. कंपनीकडून येणारेत.'
'आले नाही तर?'
'येणार.'
'काऊन? तू सांगितलं म्हणून?'
'नियमात लिहिलंय म्हणून.'

तयार झाली.


२७ सप्टें., शनि.

कार्ड घेतलं. दोघं गेलो होतो. काउंटरवर कॉनर. मला बघून त्याने खांदे पाडले, मग गा.कडे बघितलं, तिचं ओळखपत्र बघितलं, आणि सवलत मुकाट्याने टाकली. पावती तिच्या नावाची. ती 'थँक्स अ मिलियन' म्हणाली तर तो लाजला. माझ्याशी एवढा गोड कधी नाही बोलला.

परतताना बसमध्ये खोकं तिच्या मांडीवर. काळंभोर खोकं, मागे एकच पांढरं लेबल. म्हणाली, 'घरी आईला सांगू का, की मुलगा झाला?'

खिडकीबाहेर बघितलं. नियम म्हणजे नियम.


२ ऑक्टोबर, गुरु. दसरा

खोकं उघडायचं होतं कालच. आईने फोनवर बजावलं, दसरा तोंडावर आहे, आधी पूजा, मग कात्री. आणि दसऱ्याला त्या वस्तूला हत्यार लावायचं नाही. म्हटलं ठीक, शनिवारी जोडू. सगळे डबे हॉलमध्ये टीपॉयवर मांडले, मं.दा.ने स्वतःचा ऑफिसचा लॅपटॉपही नेऊन ठेवला. 'याला जास्त गरज आहे.'

झेंडू सुपरमार्केटमध्ये नव्हता. पिवळी शेवंती आणली. आपट्याच्या पानांचा प्रश्न मं.दा.ने दारासमोरच्या झाडावर सोडवला, ते कसलं झाड ते देवाला माहीत.

गा. आली, निळा कुर्ता, केस ओले. मशीन तिचं, म्हणून पूजाही तिने करायची. मी आत पुऱ्या तळत होतो. मं.दा.चं ऐकू आलं, 'स्वस्तिक नको हां, इथले लोक उगाच गैरसमज करून घेतात, खोकं पुढे रिसायकलिंगमध्ये जाणार.' 

बाहेर आलो तर ती गुडघ्यावर बसलेली. जिभेचं टोक दातांत, आणि अनामिकेने ओल्या कुंकवात 'श्री' काढतेय. काळ्या खोक्यावर कुंकू उठत नव्हतं. म्हणून तिने खोकं उलटं केलं होतं आणि जिथे पांढरं दिसलं तिथे काढलं.

लेबलवर. बारकोडच्या बरोबर वर.

ओरडायला हवं होतं. मी एरवी कशावरही ओरडतो. आणि नेमका तेव्हा तसाच उभा राहिलो, झारा हातात, तेल ठिबकतंय. तिने 'श्री'ची शेवटची वेलांटी पुरी केली, मागे झाली, मान तिरकी करून बघितलं. 'छान आलं ना?'

म्हटलं, छान आलं.

मं.दा.ने माझ्याकडे बघितलं. त्याला लेबलचं ठाऊक आहे. त्याने एक पुरी तोंडात कोंबली.


४ ऑक्टो., शनि.

चालू झालं. पहिल्याच बटणाला.

सकाळपासून दोघं जमिनीवर. स्क्रू ती देत होती, रंगाने ओळखायची, 'काळा की चांदीचा?' पुढचा पंखा मी तीनदा काढून बसवला, वायर पात्याला घासू नये म्हणून दोन ठिकाणी बांधली. ती म्हणते, 'इतका बारीक तू कॉलेजात का नाही राहिला?' मी पुढचा स्क्रू मागितला. तिने दिला.

संध्याकाळी तिचा तो पावसाचा सीन लावला, लॅपटॉप ज्यावर मरायचा. चहा होईपर्यंत झाला. ती दोनदा उठून बघून आली. मग खुर्चीवर पाय वर घेऊन नुसती बसली.

तिने मिठी मारली मशीनला. ओरखड्याच्या बाजूने.


६ ऑक्टो., सोम.

मशीन तिच्याकडे. खोकं माझ्याकडे.

लेबल कापायचं होतं. कुंकू वाळलेलं, खालच्या काळ्या रेघा आणि आकडे अंधुक दिसत होते. वाटलं जरा पुसलं तर स्पष्ट होईल. आधी कोरडं फडकं, मग ओलं. कुंकू हलेना, नुसतं गुलाबी पसरलं. मग स्क्रीन पुसायचं स्पिरिट घेतलं.

कुंकू राहिलं, आकडे गेले.

बारापैकी चार गायब. उरलेले वाचता येतात, कोणी मनावर घेतलं तर. पावती आहे, नियम आहे. पाकिटात घातलं, पोस्टात टाकलं. होईल.


१४ ऑक्टो., मंगळ.

क्लेमची मेल: मिळाला, तपासणी चालू.

गा. रेंडर करते, कॅफेत काम करते, परत येऊन रेंडर करते. रोज एक फ्रेम पाठवते मला. काय म्हणू कळत नाही, 'भारी' लिहितो. आज पाठवलं, 'तुला भारीशिवाय शब्द येत नाही का?' येतात. खूप येतात.


२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन

आमच्याकडेच केलं. आई मलिंगारहून येऊ शकली नाही, ड्यूटी. व्हिडिओवर होती. गा.ला बघून म्हणाली, 'तूच का ती कॉम्प्युटरवाली?' गा. म्हणाली, 'हो काकू, तुमच्या मुलाने मला कंगाल होऊ दिलं नाही.' आई हसली. आईला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. नंतर मला एकट्याला, 'बोलायला तिखट आहे. तुला असंच पाहिजे कोणीतरी.'

निघताना गा.ला गेटपर्यंत सोडायला गेलो. दारात मं.दा.च्या पणत्या वाऱ्याने विझत होत्या आणि तो परत परत लावत होता. ती म्हणाली, 'आले का रे ते ऐंशी?'

'नाही अजून.' मग तोंडातून गेलंच, 'ते आले ना, की तुला एक सांगायचंय.'

'मग आता सांग.'
'नाही. पैसे आल्यावर.'
'काऊन? कंपनीला विचारून सांगणारेस?'

बस आली. बसच्या पायरीवरून वळून बघितलं तिने. हसत नव्हती, रागावलीही नव्हती. तिसरंच काहीतरी.

निम्मा नियम मोडला. निम्माच.


२८ ऑक्टो., मंगळ.

नामंजूर. लेबल वाचता येत नाही, खाडाखोड केल्यासारखं दिसतं, क्लेम बंद.

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक बाई, आवाज थंड. मी नीट सुरुवात केली, खरंच. तिने दोनदा तेच वाक्य वाचून दाखवलं आणि मी सुटलो. खाडाखोड कोणाला म्हणता, पूजा आहे ती, चोर समजता का आम्हाला. तिने फोन ठेवला. परत लावला, रांगेत टाकलं. परत ठेवला.

मं.दा. दारात. 'झालं?'
'झालं.'
'पैसे मिळाले?'

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार इतक्या जोरात लावलं की आतला कप फुटला. त्याचाच कप. त्याने उचलून तुकडे कचऱ्यात टाकले. 'हा कप मला आवडत नव्हताच, पण तू ते विचारलं नाहीस.'


२९ ऑक्टो., बुध.

सोपं आहे. अगदी सोपं. गा.ला सांगायचं, कंपनीने चुकून माझ्याच खात्यात टाकले, मिटलं. एका वाक्याचं काम. तिचे साडेसातशे तिचेच, माझे ऐंशी गेले तर गेले, दोन दिवसांच्या शिफ्ट. आणि उद्याच बोलता येईल जे बोलायचंय ते.

दिवसभर रोल भरता भरता ते वाक्य तोंडात घोळवलं. चांगलं येत होतं.

नाही. जे बोलायचंय त्याच्याआधी खोटं बोललो तर मग जे बोललो त्याचं काय राहिलं.

पण तिची शोरील परवा जायचीय. तोपर्यंत गप्प. तिचं डोकं तिथे राहू दे.


१ नोव्हेंबर, शनि.

शोरील काल गेली. आज सकाळी तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. नामंजूर, हेल्पलाइन, ओरडणं.

 ती म्हणाली, 'म्हणजे मी कुंकू लावलं म्हणून?'
'नाही. तुझ्या कुंकवातून दिसत होतं थोडं. मी पुसायला गेलो. स्पिरिटने.'
'आणि तेव्हाच का नाही बोलला? मी लावत होते तेव्हा?'

 म्हटलं, सुचलं नाही.

'तुला? तुला सुचलं नाही? तू तर कोणी रांगेत घुसलं तरी बोलतो.'

मी मान खाली. तिच्या गालिच्यावर कॉफीचा डाग आहे, डाव्या कोपऱ्यात.

मग ती रागावली, पण वेगळ्याच गोष्टीवर. 'क्लेम माझ्या नावाचा ना? मग भांडायला तू कोण? त्या बाईने माझ्या नावापुढे काय लिहून ठेवलं असेल?' खरं होतं. म्हणाली, कार्ड काढून ने, तुझा एक युरोही नको असं ठरलं होतं. म्हटलं, लेबल कापलं, आता दुकान परत घेत नाही. ती म्हणाली, मग मी तुला महिन्याला थोडे थोडे देते. म्हटलं, नको, कंपनीकडूनच आणतो. 'मग आण. पण ओरडून नाही. मी लिहिते, तू ऐक.'

तिने अपील लिहिलं. चार ओळी. लेबलवर आमच्याकडच्या सणाला लावलेलं कुंकू आहे, तोच नंबर कार्डावर कोरलेला आहे, फोटो सोबत, दुकानाकडून नंबर खरा असल्याचा शिक्का पाठवत आहोत. शेवटी, फोनवर झालेल्या बोलण्याबद्दल क्षमस्व. मी म्हटलं, क्षमस्व कशाला? तिने नुसतं बघितलं. राहिलं क्षमस्व.

शिक्का कॉनरकडून आणायचा. माझं काम.


८ नोव्हें., शनि.

गेलो. आठवडाभर टाळलं, आज गेलो.

कॉनर एकटा होता. 'परत तू?' मी भाव विचारायला आलो नाही म्हटलं, तर त्याने घड्याळ बघितलं, जणू हे नोंदवून ठेवायला हवं. कार्डावरच्या नंबरचा फोटो पुढे ठेवला, पावतीची प्रत ठेवली, सांगितलं. आवाज खाली ठेवून. त्यालाच मी सप्टेंबरात 'तुझ्या बापाचं दुकान आहे का' या अर्थाचं काहीतरी बोललो होतो. तेही आठवलं, म्हणून तेही बोलून टाकलं, सॉरी म्हटलं. 

तो नामंजुरीच्या मेलमधला लेबलचा फोटो बघत राहिला. 'हे काय, जॅम?'
'नाही. नवी वस्तू घेतली की आम्ही... आशीर्वादासारखं.'
'आणि नेमकं बारकोडवर.'
'पांढरं तेवढंच होतं.'

मग म्हणाला, माझी आजी नव्या गाडीवर होली वॉटर शिंपडायची. एकदा माझ्या वडिलांच्या रेडिओवर शिंपडलं, तो परत कधी वाजला नाही. 'ग्रँड,' म्हणाला, म्हणजे इथलं 'चालेल', आणि आत जाऊन नंबर ताडून, पावतीवर शिक्का मारून, सही करून आणली. वर मॅनेजरचीही घेतली, मी न सांगता.

दारापर्यंत आलो तर मागून, 'ती निळ्या जॅकेटवाली, तिचंच ना मशीन?'
हो म्हटलं.
'मग तू प्रिंटरच्या रॅकला तासभर का टेकला होतास ते आता कळलं.'

तिथूनच पोस्टात. रजिस्टर्ड.


१२ नोव्हें., बुध.

गा.ला किलकेनी मिळालं. सहा महिन्यांचं, पुढे बघू म्हणे. शनिवारी जायचं.

फोनवर तिने सांगितलं आणि मी म्हटलं, 'भारी.' आणि मग दोघंही हसलो, ती जास्त.

फोन ठेवल्यावर चालत नदीपर्यंत जाऊन आलो. आनंद झालाय. लिहून ठेवतो, आनंद झालाय.


१५ नोव्हें., शनि.

मशीन मं.दा.च्या गाडीतून किलकेनीला. मी मागच्या सीटवर, केस मांडीवर, कार्ड उतरवून वेगळं त्याच्याच काळ्या खोक्यात. खोक्याच्या मागे चौकोनी भोक, लेबल होतं तिथे. त्याच्या कडेला थोडं गुलाबी अजून.

तिची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून किल्ल्याचा कोपरा दिसतो. मशीन जोडून दिलं, चालू केलं, दहा मिनिटं कान लावून बसलो. पंखा एवढा शांत की पलीकडच्या खोलीतल्या बाईचं फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं.

मं.दा. गाडीत जाऊन बसला, मुद्दामच. आम्ही दोघं दाराशी. तिने विचारलं, 'काही कळलं का अपीलचं?'
'नाही.'
'म्हणजे तुझं ते सांगायचंय, ते अजून...'
'अजून नाही.'
'तू फार हट्टी आहेस सुजय.'

परतताना मं.दा.ने गाडीचा वेग कमी केला. मग, 'ऐंशी युरो मी देतो तुला, आत्ता, कॅश, आणि गाडी फिरवतो.' म्हटलं, तुझे नकोत. 'मग कंपनीचेच पाहिजेत. विशिष्ट नोटा.' हो. कंपनीचेच.


२२ नोव्हें., शनि.

आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, 'एका लेबलामागे इतका लागलास. कॉलेजातल्या त्या एका प्रोजेक्टमागे एवढं लागला असतास तर?'

राग आला. मग नाही आला. तिला विचारलं, परत प्रवेश घ्यायचा तर जुनी क्रेडिट्स धरतात का.  'विचारते,' म्हणाली, आणि लगेच फोन ठेवला, जणू मी मत बदलीन.


२५ नोव्हें., मंगळ.

मेल आली. अपील मंजूर. पैसे दावेदाराच्या खात्यात जमा केले, आजच्या तारखेने.

डेलीच्या मागच्या दाराशी उभं राहून वाचलं. परत वाचलं. आत जाऊन कोणाच्या तरी रोलमध्ये दोनदा चीज घातलं.

तिचा फोन येईल. वाट बघतो. मी आधी बोलायचं नाही, पैसे तिच्या खात्यात आहेत, सांगायचं तिने.


२७ नोव्हें., गुरु.

काही नाही. काल दोन मेसेज तिचे, एक स्टुडिओतल्या कुत्र्याचा फोटो, एक 'आज जेवला का'. पैशांचं काही नाही.

बँकेला वेळ लागत असेल. एक दिवस. दोन.


२८ नोव्हें., शुक्र.

आज सगळ्या दुकानांत मोठा सेल. कॉनरच्या दुकानात तेच कार्ड. कॅशबॅक नाही, लेबल नाही, ओळखपत्र नाही, आणि तरी आम्हाला पडलं त्यापेक्षा स्वस्त. काचेतून बघितलं. कॉनरने आतून हात केला. मीही केला. पुढे गेलो.

संध्याकाळी राहवलं नाही. साधं, सहज, असं लिहिलं, 'ते कंपनीचं काही आलं का गं?'

बराच वेळ टाइप करत होती. मग:

'नाही आले रे अजून. आले की सांगते ना.'

मेल परत उघडली. जमा केले. पंचवीस तारीख. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे तिचेच. मी स्वतः भरलेत.

मेल माझ्याकडे येते, हे ती विसरली असेल. की विसरली नसेल.

मं.दा.ला दाखवलं. चष्मा वर करून वाचलं त्याने, दोन्ही, मेल आणि मेसेज. 'नव्या खोलीचं डिपॉझिट भरलं असेल बिचारीने. लाजली असेल सांगायला.' असेल. ते तिच्यासारखंच आहे. किंवा तिला माझं बोलणं ऐकायचंच नाहीये, पैसे आले असं म्हटलं की ऐकावं लागेल, म्हणून आलेच नाहीत. तेही असेल. डोकं तापलं. फोन लावायला घेतला, सरळ विचारतो म्हणून. अंगठा बटणावर होता.

तेवढ्यात तिसरा मेसेज.

'ऐक ना, पंखा आवाज करून राहिला. उद्या सुट्टी आहे का तुला? येशील बघायला?'

पंखा. तीनदा काढून बसवलेला, दोन ठिकाणी वायर बांधलेला.

मं.दा.ने तोही वाचला. चष्मा खाली घेतला, पुसला, परत लावला. 'गाडीत नीट बांधला होतास ना?' म्हटलं, बांधला होता. 'मग रस्त्यात हलला असेल एखादा स्क्रू.' असंही होतं कधीकधी. चेहऱ्यावरून काही कळेना त्याच्या.

येतो लिहिलं. पैशांचं काही लिहिलं नाही.

सकाळची पहिली बस. पिशवीत पेचकस, वायर बांधायच्या पट्ट्या, आणि ते काळं खोकं, का ते माहीत नाही. जायचं, जिना चढायचा, काही बोलण्याआधी मशीन चालू करायचं आणि कान लावायचा. आवाज नसलाच, तर तिने बोलावलंय कशाला ते कळेल.

पंखा आधी बघणार.